सुईणीची साक्ष

माझ्या सासूबाई सुईण. प्रसूतिगृहात त्यांना तोंडावर सगळे सिस्टर म्हणायचे आणि पाठीमागे फौजदार. कळा देणाऱ्या बाईला त्यांनी कधी सोन्या-राजा केलं नाही. ओरडायचं असेल तर खाली जोर लावून ओरड, नुसता गळा फाडून पोर बाहेर येत नसतं, असं त्या सरळ सुनवायच्या. बाया घरी जाताना म्हणायच्या, मेले तरी पुन्हा या बाईकडे यायची नाही. आणि दुसऱ्या खेपेला आल्या की दारातूनच विचारायच्या, सिस्टर आहेत ना ड्यूटीवर?

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी मला तीनदा रडवलं. चौथ्यांदा मी उलट बोलले. तेव्हापासून आमचं बरं जमतं. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. त्यामुळे गावात कोणाला काय दुखतंय हे मला आधी कळतं आणि का दुखतंय हे आईंना. आमचे हे दोघींच्या मध्ये पडत नाहीत. शहाणा माणूस.

आता मूळ गोष्ट सांगते, आणि सांगताना मला राग येणार आहे, तो येऊ दे.

दोन वर्षांपूर्वी टाकीच्या पाण्याने काही मुलांना जुलाब झाले. दुपारपर्यंत गावात कोणीतरी उठवलं की खालच्या वस्तीतल्या लोकांनी टाकीत काहीतरी कालवलं. खालची वस्ती म्हणजे पोती शिवणारी माणसं, कुठून कुठून येऊन राहिलेली, आपल्यात फारशी न मिसळणारी. संध्याकाळी जमाव खाली उतरला. वस्तीतली जी माणसं पळू शकली ती पळाली, जी राहिली ती पोत्यांच्या गोदामात शिरली. गोदामाचं दार बाहेर उघडणारं. जमावाने दाराला एक हातगाडी आडवी लावली आणि खिडकीतून पेट्रोल टाकलं. अकरा जण गेले. त्यातली चार माणसं आईंच्या हातावर जन्मलेली होती.

हातगाडी आमच्या मावशीची होती. मावशी म्हणजे आईंची धाकटी बहीण, बाजारात भाजी विकते. नवरा लवकर गेला, एकच मुलगा. तो जन्मला तेव्हा एवढा गुबगुबीत होता की प्रसूतिगृहातच त्याचं नाव भोपळ्या पडलं आणि ते तेवीस वर्षं टिकलं. आग लागली तेव्हा त्या गाडीला खांदा लावून जे तिघं उभे होते, त्यात मधला भोपळ्या. दोन साक्षीदारांनी त्याला पाहिलं होतं आणि त्याने नाकारलंही नाही. सोळा जणांवर खटला उभा राहिला, त्यात तो एक.

त्यानंतर गावात एकच उद्योग सुरू झाला, कारण शोधायचा. आमचं दुकान तर त्याचा अड्डाच झालं. दुकानाचे मालक म्हणायचे, काही माणसं मुळातच वाईट असतात, बी खराब, त्याला तुम्ही आम्ही काय करणार. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणारे प्राध्यापक त्यावर हसायचे. त्यांचं म्हणणं, वाईट माणूस असं काही नसतंच. जमावात शिरलं की कोणीही साधा माणूस तेच करतो, जगभर तसंच झालेलं आहे, आधी अफवा, मग आपण आणि ते अशी फूट, मग कोणीतरी पुढारी, मग पहिला दगड. बोलायचे छान. ऐकताना पटायचंही. मग बेकारीवाले यायचे, मोबाइलवाले यायचे, आजकालच्या आईबापांचं लक्षच नाही म्हणणारे यायचे. एका पेन्शनरांनी तर चार दिवस उकाड्यावर भर दिला होता.

मी गोळ्या मोजत ऐकायचे आणि माझं डोकं उठायचं. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे दोष बियाण्याचा, म्हणजे मालकांचा नाही. प्राध्यापकांच्या म्हणण्याप्रमाणे दोष परिस्थितीचा, म्हणजे कोणाचाच नाही. एकदा मी न राहवून विचारलं की सर, कोणीही केलं असतं म्हणता, मग गोदामाशेजारचा सायकलवाला तर दुकान बंद करून घरी गेला, तो का नाही थांबला? प्राध्यापक म्हणाले, चांगला प्रश्न आहे, यावर संशोधन चालू आहे. सायकलवाला घरी गेला हेही फार मोठं नाही म्हणा. त्याने कोणाला फोनसुद्धा केला नाही.

आईंना हे सगळं घरी सांगितलं की त्या भाजी चिरता चिरता म्हणायच्या, नाचता येईना अंगण वाकडं. बाकी काही बोलायच्या नाहीत. भोपळ्याचं नाव तर घरात निघायचंच नाही. मावशी यायची, दोघी बहिणी समोरासमोर बसायच्या, चहा प्यायच्या, आणि कोबीचा भाव काय चालला आहे यावर बोलून मावशी निघून जायची. पोलिसांनी गाडी पुरावा म्हणून नेली होती, त्यामुळे ती आता जमिनीवर पोतं अंथरून विकत होती. गिऱ्हाईक कमी झालं होतं. खाण तशी माती, असं बायका तिच्या पाठीमागे म्हणायच्या, आणि पाठीमागे म्हणजे तिला ऐकू जाईल एवढ्या अंतरावरून.

मग वकीलसाहेबांनी कुठेतरी वाचलं.

आरोपींचे वकील तसे हुशार. त्यांच्या वाचनात आलं की जन्मताना बाळाच्या मेंदूला हवा कमी पडली तर मोठेपणी त्याचा रागावर ताबा राहत नाही, भल्याबुऱ्याची समज कमी पडते. एवढं सिद्ध झालं तर शिक्षा हलकी होऊ शकते. त्यांनी सोळाच्या सोळा आयांना बोलावून विचारलं, तुमचं बाळंतपण अवघड गेलं होतं का? आता मला सांगा, जगात अशी कोणती बाई आहे जी म्हणेल की माझं सोपं गेलं? सोळाही जणी हो म्हणाल्या. प्रसूतिगृहाचे जुने कागद तळघरात पाणी शिरून कधीच गेले होते. राहिली फक्त सुईण.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. ते पाय सगळ्यात आधी आईंनी पाहिलेले. आमच्या दारात रांग लागली.

पहिली आली ती पेट्रोल आणणाऱ्याची आई. तिचं म्हणणं, त्याच्या गळ्यात नाळ अडकली होती. आई म्हणाल्या, नव्हती. ती म्हणाली, आठवा ना जरा. आई म्हणाल्या, आठवूनच सांगते आहे, तू मला चावली होतीस, ते पण आठवतं. दुसरी आली, तिचा मुलगा म्हणे जन्मला तेव्हा रडलाच नाही. आई म्हणाल्या, एवढा रडला की शेजारच्या खाटेवरची उठून बसली. तिसरीने मुलाचं लहानपणीचं टोपरं आणलं होतं, डोकं केवढं लहान होतं हे दाखवायला. चौथी रडतच आली आणि रडतच गेली, तिचं काय म्हणणं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी दुकानातून आले की बाहेरच्या खोलीत कोणी ना कोणी बसलेलंच असायचं. आई एकेकीला वाटेला लावायच्या आणि मग स्वयंपाकघरात येऊन भांडी आपटायच्या.

मला त्यांनी एकदा सांगितलं ते सांगते. त्यांच्या एवढ्या वर्षांत खरोखर निळं जन्मलेलं, बराच वेळ न रडलेलं आणि त्यामुळे बुद्धीने मागे राहिलेलं मूल या पिढीत एकच, ज्याला गावात भोळ्या म्हणतात तो. त्या संध्याकाळी त्यालाही कोणीतरी हातात काठी देऊन खाली नेलं होतं. त्याला भूक लागली म्हणून तो परत आला आणि काठी आपल्या आईला चुलीसाठी देऊन जेवायला बसला. वकिलांना आईंनी हे सांगितलं तर ते म्हणाले, अपवाद असतात.

खरा तमाशा त्यानंतर झाला. आई कोणालाच हवं ते सांगेनात, तेव्हा आयांचा रोख फिरला. सोळापैकी बारा मुलं या एकाच बाईच्या हातची, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. ही ओढते जोरात. हिचा हात जड आहे. ही बाळंतिणीला शिव्या देते, ते पोराच्या कानात पडतं. आईंनी गावातल्या हजारो पोरांना हात लावला, त्यातली बाकीची शाळेत शिकवतात, बस चालवतात, बँकेत बसतात, हे कोणाला दिसेना. पाण्याच्या टाकीची अफवा ज्या वेगाने पसरली होती त्याच वेगाने ही पसरली, आणि गंमत म्हणजे तेव्हा अफवेवर विश्वास ठेवला म्हणून जे पस्तावले होते तेही या अफवेत पुढे होते. चोर सोडून संन्याशाला फाशी. आमच्या गल्लीतली आठवा महिना लागलेली एक मुलगी आईंना बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेली. ती स्वतःसुद्धा आईंच्याच हातची. त्या दिवशी आई जेवल्या नाहीत.

आणि मग मावशी आली. या वेळी ती कोबीबद्दल बोलली नाही.

तिच्याबरोबर वकीलसाहेब होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं. बाकीच्यांचं सोडा, भोपळ्याच्या बाबतीत तर खरंच काहीतरी घडलं होतं. मूल मोठं होतं, खांदा अडकला होता. हे खरं की नाही? आई म्हणाल्या, खरं. अडकला, मी हिला पाय वर घ्यायला लावून सोडवला, एवढा वेळ लागला जेवढा मला हे सांगायला लागतोय. बाहेर आला तो लालबुंद आणि तोंड उघडून. वकील म्हणाले, लाल आणि निळा यात किती फरक असतो, तेवीस वर्षांनी कोणाला आठवणार? तुम्ही फक्त निळा म्हणा आणि रडायला वेळ लागला म्हणा. डॉक्टर पुढचं बघतील.

मावशीने त्यांचा हात धरला. त्यांची आई वारल्यावर या बहिणीला माझ्या सासूबाईंनीच वाढवलं, तिची वेणी घातली, तिचं लग्न लावलं, तिचं बाळंतपण केलं. ती म्हणाली, "ताई, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. त्याला जन्मठेप झाली तर मी मरेपर्यंत तो आत असेल. तुझ्या एका शब्दावर आहे."

ते गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो. हे म्हणाले, आई, सांगून टाक, कोणाचं काय जातंय. मीही म्हणाले. मी का खोटं बोलू? मला त्या वेळी मावशी दिसत होती. जमिनीवर पोतं अंथरून बसलेली आणि येणारीजाणारी तिच्या भाजीकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघतात, ते रोज दिसत होतं. गेलेले परत येणार नाहीत, उरला आहे तो तर आपलाच आहे, असं मी म्हणाले. आई माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जसा काही मी एखादा पदार्थ करपवला होता. मग म्हणाल्या, बरं. सांगते निळा.

कोर्टात आम्ही लवकर पोचलो. बाहेरच्या लांब बाकावर खालच्या वस्तीतली माणसं बसली होती. त्यातल्या एका बाईने आईंना पाहिलं आणि सरकून जागा करून दिली. तिची मोठी मुलगी गोदामात गेली होती. ती म्हणाली, "तुम्ही आलात, बरं झालं. माझ्या दोन्ही मुली तुमच्याच हातच्या." तिला वाटलं होतं आई त्यांच्या बाजूने बोलायला आल्या आहेत. दुसरं काय वाटणार? आई तिच्याशेजारी बसल्या, कारण न बसण्यासारखं काही कारण सुचलं नाही. ती बाई धाकटीबद्दल सांगत राहिली, ती आता शिवणकाम शिकते आहे, तिला दमा आहे, धुराने वाढला. आईंनी तिला दम्याच्या औषधाचं नाव विचारलं. बाकी सगळा वेळ त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मावशी दुसऱ्या टोकाला एकटी उभी होती. घरी बसून सांगून टाका म्हणणं सोपं होतं.

आत आईंचं नाव पुकारलं. सोळा जण एका बाजूला बसलेले, दोन वर्षांत सगळे फुगले होते, भोपळ्या तर फारच. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा पुसत ऐकणाऱ्या. वकिलांनी सुरुवात केली, किती वर्षं काम केलं, किती बाळंतपणं, मग थेट मुद्द्यावर. खांदा अडकला होता का? हो. बाळाचा रंग कसा होता?

आई म्हणाल्या, "निळा."

रडायला वेळ लागला का? लागला. किती? बराच. वकिलांचा आवाज मऊ झाला. ते न्यायाधीशांना सांगू लागले की हा मुलगा या जगात येतानाच जखमी झाला, त्याला भलंबुरं कळण्याआधीच त्याच्यावर अन्याय झाला होता, त्या संध्याकाळी गाडी धरणारे हात त्याचे असतील, पण ते चालवणारं डोकं त्याच्या ताब्यात नव्हतं. मागे मावशी डोळे पुसत होती. मी मनात म्हटलं, झालं एकदाचं.

आणि तेव्हा मला भोपळ्या दिसला. तो मान हलवत होता. वकील बोलतील त्या प्रत्येक वाक्याला तो होय होय करत होता, चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद, जसा काही त्याला स्वतःचा जन्म आठवत होता.

आईंनीही पाहिलं. त्यांचं नाक लाल झालं. ते लाल झालं की घरात आम्ही भांडी आधीच उचलून ठेवतो.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. निळा नव्हता. लाल होता आणि लगेच रडला."

वकिलांनी पान उलटता उलटता हात थांबवला. न्यायाधीशांनी चष्मा लावला आणि विचारलं, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगता आहात, शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे. आई म्हणाल्या, कळतंय, काय शिक्षा असेल ती द्या, पण आधी माझं बोलून होऊ द्या. न्यायाधीशांनी त्यांना गप्प राहायला सांगितलं. बाळंतपणाच्या खोलीत तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांना गप्प केलं त्या कुठल्या गप्प राहायला? त्या सरळ भोपळ्याकडे वळल्या.

"मान काय हलवतोस रे? तुला आठवतंय का? दोन वर्षं झाली, सगळं गाव एकमेकांना विचारतंय. मला विचारतात, तुझ्या आईला विचारतात, पुस्तकात बघतात. तुला कोणी विचारलं का? तू सांग. गाडी का धरलीस?"

वकील उठून हरकत घेत होते. सरकारी वकीलही उठले, त्यांनाही काहीतरी हरकत होती. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. पण भोपळ्या लहानपणापासून आईंना, आपल्या या मावशीला, घाबरतो. तिने विचारलं की उत्तर द्यायचं हे त्याच्या अंगात भिनलेलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "हलत होती."

कोणाला कळेना. न्यायाधीशांनी विचारलं, काय हलत होतं?

"गाडी. हलत होती, म्हणून धरली."

एवढंच. पुढे काही येईल म्हणून सगळे थांबले. तो इकडे तिकडे बघून खाली बसला. मी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते, राग, द्वेष, पश्चात्ताप, निदान भीती तरी. प्राध्यापक म्हणतात ते किंवा मालक म्हणतात ते, काहीतरी एक असायला हवं होतं की नाही? बाजारात कोणी विचारावं मिरच्या कुठून आणल्या आणि त्याने सांगावं, तसं त्याने सांगितलं होतं. मला त्याच्या कानाखाली दोन द्याव्याशा वाटल्या आणि त्याने काय झालं असतं हेही कळत नव्हतं. खालच्या वस्तीतली ती बाई मागच्या बाकावर बसली होती. ती उठली आणि बाहेर निघून गेली. जाताना तिने आईंकडे पाहिलं नाही.

आईंची पुढची साक्ष झालीच नाही. त्यांच्यावर खोट्या शपथेबद्दल काय करायचं ते नंतर ठरेल असं सांगून त्यांना खाली उतरवलं. वकील जवळून जाताना पुटपुटले की तुम्ही तुमच्या भाच्याला स्वतःच्या हातांनी आत ढकललंत. आई तशाच पुढे चालत्या झाल्या.

बाहेर व्हरांड्याच्या पायऱ्यांवर मावशी बसलेली होती. मला वाटलं आता ही आईंवर तुटून पडणार, आणि पडली असती तर बरं झालं असतं. आई तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मावशीने वर पाहिलं नाही.

"मीच शिकवलंय त्याला," ती म्हणाली. "सहा वर्षांचा होता. बाजाराच्या चढावर मी वजन करायला वळले की गाडी मागे सरकायची. मी ओरडायचे, धर रे, हलली की धर, सोडू नकोस. रोज ओरडायचे. तेच केलं त्याने. दुसरं काय केलं? मीच शिकवलंय, ताई. आता तू सांग, माझ्यामुळेच झालं ना?"

तिला कारण हवं होतं. बाळंतपणाचं कारण हातचं गेलं तेव्हा तिने स्वतःलाच दोषी धरलं. मला तिची इतकी दया आली की मी हो म्हणणार होते, म्हणजे नाही म्हणणार होते, काहीतरी म्हणणार होते. आईंनी मला हाताने थांबवलं.

"तू भाजीची गाडी धरायला शिकवलंस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला होता. "ती उताराला हलत होती. ही उताराला हलत नव्हती. आतून माणसं ढकलत होती, म्हणून हलत होती."

"त्याला काय कळणार, ताई, त्या गोंधळात? त्याला ऐकू तरी आलं असेल का?"

"आलं. माणसं ओरडत होती, पोरं ओरडत होती, एका फळीच्या अंतरावर. त्याला सगळं ऐकू येत होतं." आईंचा श्वास लागला होता. "जन्मला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या डोक्यामागे टाळी वाजवून बघितली होती. दचकला. त्याचे कान चांगले आहेत."

मावशीने दोन्ही हातांनी आपले कान घट्ट झाकून घेतले. आई खाली बसल्या, तिची मनगटं धरली आणि जोर लावून तिचे हात बाजूला केले.

"तू तरी ऐक," त्या म्हणाल्या.